मालगाडी ओढणारा ‘खेकडा’

डोंबिवलीच्या किंवा ठाकुर्लीच्या फलाटावर लोकलची वाट पाहत तुम्ही उभे असता आणि शेजारच्या रुळांवरून एखादी मालगाडी धडधडत निघून जाते. तिच्या वाघिणी मोजण्याचा नाद तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. प्रत्येक वाघिणीच्या अंगावर काही आकडे रंगवलेले असतात. ती रिकामी असताना तिचे वजन किती आणि तिच्यात माल किती भरता येतो, हे त्यांवरून कळते.

पुढच्या खेपेस ते आकडे पाहाल तेव्हा एक प्रश्न मनात आणा. ही गाडी कल्याणपर्यंत बहुतेक सपाटीवरून जाते, पण कल्याणच्या पुढे काय? तिथे लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्यावरून इगतपुरीला जातो आणि दुसरा कर्जतवरून लोणावळ्याला. दोन्ही वाटांवर सह्याद्री आडवा उभा आहे. शेकडो टनांची गाडी तो चढते कशी? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चढलेली गाडी परत खाली उतरते कशी?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एका जुन्या, विचित्र दिसणाऱ्या इंजिनात सापडते. त्याचे सरकारी नाव ‘डब्ल्यू. सी. जी.–१’. रेल्वेतील माणसे मात्र त्याला ‘खेकडा’ म्हणत. या जातीची इंजिने आता धावत नाहीत. मुंबईत आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ती जतन करून ठेवलेली पाहायला मिळतात. संग्रहालयातली वस्तू मुकी असते, पण नेमके प्रश्न विचारले की तीही उत्तरे देते. चला, या खेकड्याला आपण काही प्रश्न विचारू.

सह्याद्रीची भिंत

मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला पहिली उतारूगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी आली, हे तुम्हाला माहीत आहेच. पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, रूळ कल्याणला पोहोचले. इथपर्यंतचे काम त्या मानाने सोपे होते. पण देशावरचा कापूस मुंबईच्या बंदरात आणायचा तर घाट ओलांडणे भाग होते. त्याला आणखी दहा वर्षे लागली. बोर घाटाचा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला आणि थळ घाटाचा १८६५ मध्ये.

थळ घाट म्हणजेच आपला कसारा घाट. तिथे सुमारे १५ किलोमीटरांत मार्ग २९६ मीटर वर चढतो. बोर घाटात सुमारे २५ किलोमीटरांत ५५८ मीटरांची चढण आहे आणि मूळच्या मार्गावर २५ बोगदे होते. दोन्ही घाटांतला सर्वांत खडा चढ ‘३७ ला १’ असा आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर गेलेली असते.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चढाचे काय कौतुक? सायकलवर आपण याहून खडे चढ चढतो. बरोबर आहे. पण सायकलचे चाक रबरी आणि रस्ता खडबडीत. आगगाडीचे चाक पोलादी, रूळ पोलादी, आणि दोन्ही गुळगुळीत. सगळी अडचण इथेच आहे.

थोडे गणित

सपाट रुळांवर एक टन वजनाची वाघीण हळूहळू चालती ठेवायला साधारण ५ किलोग्रॅम भाराइतका जोर पुरतो. पोलादी चाकांची हीच तर मोठी सोय आहे. म्हणूनच बैलगाडीपेक्षा आगगाडीत माल स्वस्तात जातो.

आता ३७ ला १ चा चढ घ्या. उतरणीवर ठेवलेल्या वस्तूला गुरुत्वाकर्षण खाली ओढते. या चढावर दर टनामागे ही ओढ १००० भागिले ३७, म्हणजे सुमारे २७ किलोग्रॅम भाराइतकी असते. त्यात मूळचे ५ मिळवा. एकूण ३२ झाले. म्हणजे सपाटीवर ५ आणि घाटात ३२. तोच डबा घाटात सहापटींहून अधिक ‘जड’ झाला!

समजा, ५०० टनांची गाडी घाट चढवायची आहे. जुन्या चारचाकी वाघिणींचे मालासकट वजन प्रत्येकी सुमारे ३२ टन असे, तेव्हा ही गाडी जेमतेम पंधरा-सोळा वाघिणींची झाली. खेकड्याचे स्वतःचे वजन १२३ टन. इंजिनाला स्वतःलाही वर जायचे असतेच. म्हणून एकूण वजन ६२३ टन धरू. त्याला ३२ ने गुणा. सुमारे २०,००० किलोग्रॅम, म्हणजे २० टनांचा जोर लागेल.

हा जोर इंजिनाची मोटर देते असे आपण म्हणतो, पण तो रुळापर्यंत पोहोचवते ती चाक आणि रूळ यांमधली पकड. कोरड्या स्वच्छ रुळावर ही पकड इंजिनाच्या वजनाच्या साधारण एक चतुर्थांश असते. १२३ टनांचे एक चतुर्थांश सुमारे ३१ टन. म्हणजे २० टन जोर लावता येईल. पण पावसाळ्यात? ओल्या रुळावर पकड एक षष्ठांशावर येऊ शकते. १२३ चे एक षष्ठांश सुमारे २०. नेमके हवे तेवढेच, रतीभरही जास्त नाही! अशा वेळी चाके जागच्या जागी गरगर फिरू लागतात आणि गाडी पुढे सरकत नाही. म्हणून इंजिनावर वाळूच्या पेट्या असतात. चाकापुढे रुळावर वाळू सोडली की पकड वाढते.

गाडीचे वजन दुप्पट झाले तर एका इंजिनाची पकड पुरणारच नाही. मग आणखी इंजिने लावावी लागतात. ती बहुधा गाडीच्या शेपटीला लावतात आणि ती मागून रेटतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. सगळी इंजिने पुढे लावली तर पहिल्या वाघिणीच्या जोडणीवर सगळा ताण येऊन ती तुटण्याचा धोका असतो.

वाफेकडून विजेकडे

सुरुवातीला हे काम वाफेची इंजिने करीत. चढावर भट्टीत सारखा कोळसा टाकावा लागे. बोगद्यांमागून बोगदे येत आणि चालक व फायरमन धुरात कोंडून जात. गती फारच कमी असे.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर भारतातील पहिली विजेची गाडी धावली. तिच्यासाठी वरच्या तारेतून १५०० व्होल्ट दाबाचा, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह दिला होता. मग विजेच्या तारा घाटांकडे निघाल्या. १९२९–३० च्या सुमारास कल्याणहून पुणे आणि इगतपुरी या दोन्ही मार्गांचे विद्युतीकरण पुरे झाले. एवढ्या कामाला पुष्कळ वीज हवी. ती पुरवण्यासाठी तेव्हाच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, म्हणजे जी. आय. पी. रेल्वेने, ठाकुर्लीला स्वतःचे वीजघर उभारले. कोळशावर चालणारे ‘चोळा पॉवर हाऊस’ ते हेच. १९८०–९० या दशकात ते बंद झाले, तरी ठाकुर्लीतली वडीलधारी माणसे त्याची आठवण आजही काढतात.

घाटातल्या मालगाड्यांसाठी रेल्वेने खास इंजिने मागवली. १९२८ पासून ती येऊ लागली. एकूण ४१ इंजिने आली. काही स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे घडवली होती, तर बाकीची इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीत. त्यांतली विजेची यंत्रसामग्री मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स या कंपनीची होती. त्यांतल्या एका इंजिनाला ‘सर लेस्ली विल्सन’ असे नाव दिले होते. १९२५ सालच्या पहिल्या विद्युत्‌गाडीच्या वेळी मुंबई प्रांताचे गव्हर्नर हेच होते.

स्वित्झर्लंडच का? कारण तिथल्या आल्प्स पर्वतातील गोटहार्ड मार्गाचा चढही आपल्या घाटाइतकाच आहे. हजार मीटरांत २६–२७ मीटर, म्हणजे जवळजवळ ३७ ला १! तिथे १९२० च्या सुमारास लांब नाकाडांची विजेची इंजिने धावू लागली होती. लोक त्यांना ‘मगर’ म्हणत. आपला खेकडा हा त्या मगरीचाच भाऊबंद.

खेकड्याचे शरीर

आता या इंजिनाकडे नीट पाहू. मध्ये चालकाची खोली आणि पुढेमागे दोन लांब नाकाडे. शरीराचे असे तीन सांधलेले भाग आहेत. घाटातल्या वळणांवर सरळसोट लांब इंजिन अडकून बसेल. हे मात्र सांध्यांमध्ये वळते आणि वळणाशी जुळवून घेते.

प्रत्येक नाकाडाखाली तीन-तीन आस आहेत. सहा आसांवर १२३ टन वाटले, म्हणजे प्रत्येकी साडेवीस टन. ही वाटणी महत्त्वाची आहे. पकड हवी म्हणून इंजिन जड हवे, पण एकाच आसावर फार भार आला तर रूळ आणि पूल खचतील. फार जड माल वाहणाऱ्या खास वाघिणींना पुष्कळ चाके का असतात, त्याचे उत्तरही हेच. ओझे तेच, पण ते अधिक पायांवर वाटून घ्यायचे.

त्या काळच्या मोठ्या ताकदीच्या मोटरी आकारानेही मोठ्या असत. चाकांच्या मधल्या जागेत त्या मावत नसत. म्हणून त्या वर नाकाडात बसवल्या. त्यांची फिरकी दंतचक्रांनी खालच्या एका आडव्या दांड्याला दिली आणि तिथून बाहेरच्या लोखंडी दांड्यांनी चाकांना. एका बाजूची तिन्ही चाके अशी एकमेकांना जखडलेली. यात एक फायदा आहे. ओल्या जागी एक चाक घसरू पाहते, पण बाकीची दोन घट्ट असली तर ती त्याला एकट्याने गरगरू देत नाहीत. इंजिन चालू लागले की दोन्ही अंगांच्या या दांड्या पायांसारख्या वरखाली हलत. ‘खेकडा’ हे नाव त्याला अगदी शोभून दिसे!

या इंजिनाची ताकद २६०० अश्वशक्ती. मघाच्या आपल्या ६२३ टनांच्या गाडीसाठी गणित केले, तर एवढ्या ताकदीने ती घाटात ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेगाने चढू शकेल.

अधिक अवघड काय?

चढणे झाले. आता उतरणे. तुम्हाला वाटेल, उतरायला काय लागते? गाडी आपोआप येईल. हो, पण तिला आवरायचे कुणी?

आपली तीच गाडी इगतपुरीहून कसाऱ्याला उतरते आहे असे समजा. ६२३ टन वजन २९६ मीटर खाली येते. एवढ्या उंचीमुळे तिच्यात साठलेली ऊर्जा काढली तर ती सुमारे ५०० युनिट येते. युनिट तेच, जे तुमच्या घरच्या विजेच्या बिलावर असते. यातला साधारण पाचवा हिस्सा चाकांच्या व हवेच्या रोधात खर्च होईल. उरले ४०० युनिट. ते कुठेतरी गेलेच पाहिजेत. ब्रेकने शोषून घेतले नाहीत, तर गाडीचा वेग वाढतच जाईल.

साध्या ब्रेकमध्ये लोखंडी ठोकळे चाकांवर दाबले जातात आणि घर्षणाने ऊर्जेची उष्णता होते. ४०० युनिट उष्णता म्हणजे किती? सुमारे ५,००० लिटर पाणी उकळीला येईल एवढी! ही सारी उष्णता ठोकळे आणि चाकांत जाते. ठोकळे झिजतात, आणि फार तापले की त्यांची पकडही कमी होते. म्हणजे ज्या क्षणी ब्रेकची गरज सर्वांत जास्त, त्याच क्षणी तो दुबळा होतो. सुटलेल्या गाडीत चालक आणि गार्ड यांचे प्राण पणाला लागतात. म्हणून घाटात उतरणाऱ्या गाड्यांना ठरलेल्या जागी थांबावे लागते आणि ब्रेकची परीक्षा द्यावी लागते. शिवाय घाटात चढत जाणारे आडबाजूचे रूळही टाकलेले आहेत. आवरता न आलेली गाडी त्यांवर वळवली की चढामुळे ती थांबते.

खेकड्याच्या रचनाकारांनी या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. ही ऊर्जा तापवून वाया का घालवायची? आपल्याजवळ तर मोटरी आहेत!

मोटर उलटी वागते तेव्हा

विजेची मोटर आणि वीज निर्माण करणारे जनित्र यांत मुळात फरक नाही. वीज दिली की चाक फिरते, ती मोटर. चाक फिरवले की वीज मिळते, ते जनित्र. उतरणीवर गाडी चाके फिरवीतच असते. चालकाने जोडण्या बदलून मोटरींचा विद्युत्‌दाब तारेतल्या दाबापेक्षा थोडा अधिक होईल असे केले, की प्रवाहाची दिशा उलटते. इंजिन तारेतून वीज घेण्याऐवजी तारेला वीज देऊ लागते. आणि वीज फुकट निर्माण होत नाही. जनित्र फिरवायला जोर लागतो, तोच जोर चाकांना मागे धरतो. गाडी रोखली जाते, ठोकळे न झिजता.

सायकलचा डायनामो आठवा. दिवा लावला की पायडल जड होते. तीच गोष्ट इथे मोठ्या प्रमाणात घडते.

ही वीज जाते कुठे? त्याच वेळी घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीकडे. एक गाडी उतरता उतरता दुसरीला वर ढकलते. विहिरीवरच्या रहाटाला दोन पोहरे बांधले तर एक खाली जाताना दुसऱ्याला वर यायला मदत करतो, तसेच. फरक इतकाच की इथे दोर नाही, तार आहे. चोळा पॉवर हाऊसच्या भट्टीत तेवढा कोळसा कमी जळे.

या युक्तीला मर्यादाही आहेत. दिलेली वीज घेणारे कुणी हवे. शिवाय हा ब्रेक फक्त इंजिनाच्या चाकांना लागतो. तारेतला प्रवाह एकाएकी गेला तर तो सुटतो. म्हणून वाघिणींचे नेहमीचे ब्रेक सज्ज असावेच लागतात. विजेचा ब्रेक गाडीचा वेग धरून ठेवतो, थांबवण्याचे काम ठोकळ्यांचे.

करून पाहा

मोडक्या खेळण्यातली सेलवर चालणारी एक छोटी मोटर घ्या. तिच्या आसावर पुठ्ठ्याची चकती बसवा. मोटरीच्या दोन्ही तारा मोकळ्या ठेवून चकतीला बोटाने झटका द्या आणि ती किती वेळ फिरते ते पाहा. आता दोन्ही तारांची टोके एकमेकांना जोडा आणि तसाच झटका द्या. चकती लवकर थांबते. तारा जोडल्यामुळे प्रवाह वाहू लागला, मोटरीचे जनित्र झाले आणि त्याने चकतीला रोखले. खेकड्याचा ब्रेक तुमच्या हातात आला!

खेकडा आज

ही इंजिने दणकट निघाली. साठ वर्षांहून अधिक काळ त्यांनी काम केले. नवी, अधिक ताकदीची इंजिने आल्यावर त्यांच्याकडे यार्डात डबे हलवण्यासारखी हलकी कामे आली, आणि १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती निवृत्त झाली. ज्या १५०० व्होल्टच्या व्यवस्थेवर ती चालत, तीही मुंबईत २०१६ साली संपली. आता तारांमध्ये २५,००० व्होल्टचा, दिशा बदलणारा प्रवाह असतो.

दांड्या गेल्या, लांब नाकाडे गेली. आजच्या मोटरी लहान असूनही शक्तिमान असतात आणि थेट आसांजवळ बसतात. पण खेकड्यातला मुख्य विचार गेला नाही. आजची मोठी मालवाहू इंजिने घाट उतरताना तारेला वीज परत देतात. एवढेच काय, तुम्ही रोज ज्या लोकलने शाळेत जाता, तीही ठाणे, डोंबिवली, कल्याण अशा प्रत्येक स्थानकात थांबताना आपल्या गतीची वीज करून तारेत सोडते. ती वीज जवळपास निघालेली दुसरी लोकल वापरते.

तेव्हा मुंबईत किंवा दिल्लीत खेकडा पाहण्याचा योग आला, तर नुसते छायाचित्र काढून परतू नका. सांधे कुठे आहेत ते शोधा. आस मोजा. दांड्या कुठून कुठे जातात त्यांचा माग काढा. प्रत्येक भागाला ‘हा असाच का?’ असे विचारा. आणि लोकल डोंबिवलीत शिरताना वेग कमी होऊ लागला की लक्षात ठेवा, त्या क्षणी तुमची गाडी दुसऱ्या कुठल्या तरी गाडीला पुढे ढकलते आहे.